गवताची पाठ

घर घेतलं तेव्हा त्याला घर म्हणायला जीभ धजत नव्हती. छप्पर गळकं, दारं फुगलेली, न्हाणीघरात पाय ठेवला की फरशी डुगडुगून विचारायची, कोण आहे? आजूबाजूच्या मांजरांनी तर ते केव्हाच आपलं म्हणून धरलं होतं. पण टेलरीणबाई सगळ्या घरातून एक चक्कर मारून पुढच्या खोलीत आली, खिडकीचं जाम झालेलं दार तिनं खांद्यानं ढकललं, आणि ऊन असं भसकन आत आलं की तिला शिंकच आली.

"हे घ्यायचं," ती नाक पुसत म्हणाली.

"अगं ताई, आधी छप्पर तर बघ," भाऊ म्हणाला.

"छप्पर होईल. उजेड विकत मिळत नाही."

आता उजेडाचं कौतुक कुणाला असतं? ज्यानं अंधारात सुई ओवली त्याला. बाईची सगळी उमर जिन्याखालच्या गाळ्यात गेली. डोक्यावर बल्ब, आणि बल्बच्या डोक्यावर लोकांचे पाय. काळ्या कापडावर काळा दोरा घालायचा तर ती टीप बोटांनी वाचायची, डोळे नुसते सोबतीला. चष्म्याचा नंबर चढत गेला आणि नाव मात्र टिकलं. तिच्या हातचा कोट उलटा करून घातला तरी कळत नाही, असं गिऱ्हाईकं म्हणायची.

भावाला ती शेपूट म्हणायची. आई लवकर गेली आणि हा पोरगा हिच्या फ्रॉकचं टोक धरून वाढला. ही पाणी भरायला गेली की हा मागे, ही दुकानात गेली की हा मागे. आता शेपटाला टक्कल पडलं, बायको आली, टाइल्सच्या मोठ्या दुकानात सेल्समनची नोकरी लागली, जीभ अशी झाली की दगडालाही गुळगुळीत करून विकेल. पण हिच्या तोंडात शेपूटच.

तर घर दोघांनी मिळून घेतलं, निम्मं निम्मं. कागदावर नाव मात्र एकट्या शेपटाचं लागलं. सह्या करायच्या दिवशी टेलरीणबाईच्या मशीनवर एका नवरीचा झगा अडकला होता. ती म्हणाली, "तू कर रे सही. तू आणि मी काय वेगळे आहोत?"

ठरलं ते तोंडी. मागच्या दोन खोल्या भावाच्या आणि भावजयीच्या, पुढची खिडकीवाली ताईची. तिथंच तिचं मशीन, तिथंच तिचं अंथरूण. खिडकीखाली इस्त्रीसाठी एक पॉइंट आणि रिळांसाठी एक फळी, एवढंच तिचं मागणं.

मग सुट्टीचा दिवस म्हणून उरला नाही. सुट्टी आली की बाई डोक्याला फडकं बांधून हजर. जुना रंग खरवडला, दारांना घासकागद मारला, खिडकीच्या गजांवरचा गंज रॉकेलनं पुसला. छपरावर मिस्त्री चढला तेव्हा खालून वीट द्यायला हीच. भाऊ लांबून हात दाखवायचा. तो पहिल्यापासून असाच. खुर्ची उन्हात आली तरी उठायचा नाही, ऊन सरकायची वाट बघायचा. ती हसून म्हणायची, "शेपूट कधी ओझं उचलतं का? ओझं बैल उचलतो."

घराला हळूहळू रूप आलं. राहिलं होतं ते फाटक आणि खिडकी यांच्यामधलं अंगण. नुसता राडा. तिथं भावानं नकली गवत घालायचं काढलं. दुकानात कुठल्याशा मोठ्या कामातून दोन गुंडाळ्या उरल्या होत्या.

"प्लॅस्टिकचं?" ताईनं तोंड वाकडं केलं.

"पाणी नको, कापणं नको, चिखल नको. आणि बारा महिने हिरवं."

शेवटच्या शब्दावर ती विरघळली. मान वर केली की हिरवं दिसणार, मान खाली केली की शिलाई. डोळ्याला दुसरं काय पाहिजे? तिनं गिऱ्हाइकांना सांगूनही टाकलं, "पुढच्या महिन्यापासून तिकडे या. बागेत बसून माप देता येईल."

गाळेवाल्यालाही सांगून झालं होतं. किल्ली कधी देऊ, म्हणून तिनं भावालाच विचारलं होतं. भाऊ म्हणाला होता, "देऊन टाक महिनाअखेर. उगाच दोन्हीकडे कशाला?"

गवताच्या दिवशी सकाळी टेम्पोवाल्यानं दोन्ही गुंडाळ्या फाटकातच टाकल्या आणि पळाला. जमीन तयार होती. माती काढून खडी घातलेली, ठोकून ठोकून पाटासारखी केलेली, वर काळं कापड अंथरलेलं. टेलरीणबाईनं एका गुंडाळीचं टोक उलगडलं आणि गवतावरून तळहात फिरवला. एकदा असा, एकदा तसा. एकीकडून हात सर्रकन गेला, दुसरीकडून पाती बोटांना उभी राहिली.

"अय्या, ह्याला लव आहे!"

"काय आहे?" भावजयीनं विचारलं. भावजय पोरगी साधी, बोलायला कमी, चहा करायला तत्पर.

"लव गं. मखमलीला असते तशी. पाती सगळी एका बाजूला झुकलेली असतात. ज्या बाजूला झुकलीत तिथं उभी राहून बघ, गर्द हिरवं दिसेल, गच्च. उलट बाजूनं बघशील तर नुसती पाठ दिसते. फिकी, चकचकीत. प्लॅस्टिक आहे हे लांबून ओरडून सांगेल." तिनं गुंडाळीवर थाप मारली. "चला, देव पावला. फाटकात पडलीय तिथूनच ढकलत न्यायची, की पाती आपोआप खिडकीकडे झुकतात. उचलायचं कामच नाही. ए शेपट्या, तुझ्या जोगतं काम आहे बघ!"

भाऊ मोबाइल खिशात टाकत आला. "नाही नाही. तिकडे उचलून न्यायची. खिडकीपासून सोडायची, फाटकाकडे."

"अरे, मग फाटकाकडे झुकेल ना ती."

"तेच तर. फाटकातून चांगलं दिसलं पाहिजे."

"फाटकात कोण बसणार आहे? मी तर आत बसणार."

"ताई, आल्यागेल्याला काय दिसतं ते बघायचं असतं. तुला नाही कळायचं, ह्यात आमचं रोजचं आहे. उचल."

आणि शेपटानं स्वतः वाकून गुंडाळीचं टोक उचललं. मढं उचलावं तसं जड ओझं. घामानं डबडबला, दोनदा टेकवून कमरेला हात लावला, पण अंगण ओलांडून नेलं ते पार खिडकीखाली. टेलरीणबाई दुसरं टोक धरून चालत होती आणि मनात म्हणत होती, आज सूर्य कुठून उगवला? ज्यानं कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो फुकटचा फेरा का घेतोय?

पण असू दे. धाकट्याची हौस. "बरं बाबा," म्हणाली आणि खिडकीपासून गुंडाळी सोडली. अर्धं अंगण हिरवं झालं. भाऊ फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला, एक डोळा मिटून, बोटांची चौकट करून बघायला लागला.

"वा! काय दिसतंय! ताई, इकडून बघ!"

तिनं तिकडून बघितलं. दिसत होतं खरंच, गच्च. मग पाणी प्यायला म्हणून ती आत गेली, आणि आपल्या खोलीच्या खिडकीशी थांबली. इथून तेच गवत फिकं पडलं होतं. उन्हात नुसतं चमकत होतं. सगळी पाती तिच्याकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून उभी, जशी वरात बघायला दारात गोळा झालेली माणसं.

तिला हसू आलं. आणि हसता हसता तिचा हात सवयीनं खिडकीखाली गेला, पॉइंटवर. इस्त्री कुठं लावायची, वायर कशी न्यायची, ह्याची उजळणी तिनं इतक्यांदा केली होती की हात आपला आपण जायचा. हाताला भिंत लागली. सपाट. पॉइंट बुजवून वर गिलावा मारून रंगही दिला होता. रिळांच्या फळीसाठी पाडलेली भोकंसुद्धा लिंपलेली.

तिनं भिंतीवरून तळहात फिरवला, सकाळी गवतावरून फिरवला तसा.

टेलरचं एक असतं. कपडा अंगात घालायचा की दाखवायला लावायचा, हे त्याला शिवायच्या आधी कळावं लागतं. बाईनं दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यांसाठीही शिवलं होतं. पुतळ्याला काखेत सैल लागत नाही, बसल्यावर उकलेल का ही चिंता नाही, खिसे नुसते वरून. मागून टाचण्या मारल्या तरी चालतं, कारण मागून कुणी बघत नाही. समोरून झोकात दिसलं की झालं. जो राहणार असतो तो घर आतून बघतो. बाहेरून बघतो तो...

पुढचं तिनं मनातल्या मनातसुद्धा पुरं केलं नाही. भावजय चहा घेऊन आली होती.

"अगं, हा पॉइंट कुणी बुजवला?"

भावजयीच्या हातातला चहा बशीत सांडला. "ते... यांनीच सांगितलं इलेक्ट्रिशियनला. खोली मोकळी दिसते म्हणे."

"कुणाला?"

भावजय बशीतला चहा परत कपात ओतायला लागली.

"मी तुला विचारतेय, बाळ. कुणाला दिसते?"

"ताई, मला वाटलं तुम्हाला माहितीये." तिचा आवाज खाली गेला. "उद्या फोटोवाला येतोय ना. फाटकातून मोठा फोटो घेणार, जाहिरातीला. मी म्हटलं यांना, ताईंना सांगितलं का? तर म्हणाले, हो हो, ताईचं काही नाही."

ताईचं काही नाही. खरंच होतं की. कागदावर काही नव्हतं आणि भिंतीतलंही लिंपून झालं होतं.

ती बाहेर आली तेव्हा भाऊ चिकटपट्टीचा गुंडा सोडत बसला होता.

"शेपट्या, खरं सांग. घर विकतोयस?"

त्यानं आधी बायकोकडे बघितलं, मग पट्टीकडे. "विकतोय असं नाही..."

"मग कसं?"

"भाव चांगला येतोय, ताई. दुकानात एक जण भेटला, तो म्हणाला अशी डागडुजी केलेली घरं हातोहात जातात. हे विकायचं, दुसरं असंच मोडकं घ्यायचं, ह्याच्याहून मोठं. तुला त्यात ह्याच्या दुप्पट खोली..."

"खिडकी कुठल्या बाजूला?"

"काय?"

"त्या दुप्पट खोलीची खिडकी. कुठल्या बाजूला आहे?"

"अगं, अजून घरच बघितलं नाही, तर खिडकी..."

"हं."

"सांगणारच होतो तुला."

"कधी? गिऱ्हाईक माझ्या खोलीत पलंग कुठं टाकू म्हणून विचारायला लागल्यावर?"

"ताई, टोमणे नकोत. मी काय तुला रस्त्यावर टाकतोय? तुझा वाटा कुठं बुडतोय?"

"वाट्याचं नाव काढलं का मी?" ती एवढ्या हळू बोलली की त्यानं मान वर केली. "मी गाळा सोडायचा विचारलं तेव्हा तुला हे माहीत होतं?"

तो पट्टीचं टोक नखानं सोडवत राहिला. सुटेना.

"माहीत होतं का, एवढंच सांग."

"मला वाटलं, मिळेल तुला दुसरा एखादा."

झालं. बाकी सगळं तिनं गिळलं असतं. माणसाला हाव सुटते, धाकट्यांना जास्तच सुटते, लहानपणी खाऊच्या दोन वाट्यांतली मोठी तीच त्याच्यापुढे सारायची, त्यामुळे सवय तिनंच लावलेली. पण किल्ली देऊन टाक म्हणाला तेव्हा तो बाजूला उभा होता. तिच्याच डब्यातलं खात होता.

तिला वाटलं आता हा काहीतरी बोलेल. चुकलो म्हणेल, निदान रागावेल. तो उठला, हात झटकले, आणि दुकानात बोलायचा त्या आवाजात म्हणाला, "हे बघ, सगळं नीट होईल. मी तेवढी वरून पसरायची वाळू घेऊन येतो. तू तोवर दुसरी गुंडाळी सोड आणि मधला जोड तेवढा घे ना मारून. तुझ्यासारखा हात नाही कुणाचा. मी केला तर फोटोत दिसेल."

आणि स्कूटरला किक मारून गेला.

भावजय दाराच्या चौकटीत ओल्या डोळ्यांनी उभी होती. टेलरीणबाई अंगणाच्या मधोमध. दुसरी गुंडाळी फाटकात पडली होती, सकाळी टेम्पोवाल्यानं टाकली तिथंच. ती तिच्याजवळ गेली. ही उचलायची, अंगण ओलांडून खिडकीखाली न्यायची, आणि तिकडून सोडायची, म्हणजे पहिलीसारखी फाटकाकडे बघेल. ओझं बैल उचलतो.

तिनं चप्पल काढली, पाय गुंडाळीला लावला, आणि ढकलली.

गुंडाळी फाटकापासून खिडकीकडे गडगडत निघाली, मागे हिरवं सोडत. बाईचं आयुष्य ओझी उचलण्यात गेलं आणि हे काम बघा, लाथेनं झालं.

"ताई," भावजय पुढे आली, "ही... उलटी पडतेय ना?"

"माहितीये."

"दोन्ही बाजू वेगळ्या दिसतील. हे ओरडतील."

"ओरडू दे. तू आत जा, तुझ्यावर यायला नको."

भावजय आत गेली नाही. थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली, मग वाकून तिनं गवताचं दुसरं टोक धरलं आणि सरळ ओढलं.

मग टेलरीणबाई गुडघ्यांवर बसली. दोन्ही कडा मागे दुमडल्या, जास्तीचा काठ खालून सुरीनं कापला, कारण वरून कापलं तर पाती जातात. मधे पट्टी पसरली, तिच्यावर गोंद नागमोडी सोडला. एक कड टेकवली, दुसरी तिच्या अंगाला लावली, ना चढली ना फट राहिली. खाली अडकलेलं एकेक पातं दाभणानं वर काढलं. ऊन पाठीवर चढत होतं. नाकाच्या टोकावरून काहीतरी गवतावर पडत होतं, तो घाम होता असं धरून चालू.

गाळ्यात शिकाऊ मुली यायच्या. एकीनं एकदा मखमलीच्या कोटाचे दोन भाग उलटसुलट लवेचे जोडले होते, तेव्हा बाईनं तिला पट्टीनं बोटांवर मारलं होतं. टेलरच्या हातून घडू शकणारं सगळ्यात मोठं पाप ते. आज ती तेच करत होती, जाणूनबुजून. आणि इतका सुबक जोड तिच्या हातून कधी पडला नव्हता. डोळे मिटून बोट फिरवलं तर तिला स्वतःला सापडेना.

स्कूटर आली. वाळूची पोती पायाशी घेऊन शेपूट फाटकात थांबला, आणि तिथंच खिळला.

फाटकातून बघणाऱ्याला अंगणाचे सरळ दोन तुकडे दिसत होते. डावा गर्द, उजवा फिकट. मधोमध भांग पाडल्यासारखी रेघ. एक पाय एका कापडाचा आणि दुसरा दुसऱ्याचा, अशी विजार घातल्यासारखं घर उभं होतं.

"हे काय केलंस? ताई! उलटं लावलंस तू!"

"उलटं नाही. तुझं निम्मं तुझ्याकडे बघतंय, माझं निम्मं माझ्याकडे."

"डोकं फिरलंय का तुझं? उद्या तो येतोय! काढ ते. सुटतंय का बघ."

"ओढून बघ. गोंद धरलाय. फाटेल, सुटणार नाही." ती उठली, गुडघे झाडले. "जोड बघ की जरा. फोटोत दिसणार नाही म्हणालास ना? बोट लावून बघ, सापडतो का."

त्यानं खाली बघितलं नाही. "माझं नुकसान करून तुला काय मिळणार?"

"तुझं," ती म्हणाली. "सकाळी आपलं होतं."

तो काहीतरी बोलायला गेला. ती थांबलीही. तो लहान होता तेव्हा काही फोडून आला की असाच तोंड उघडून उभा राहायचा, आणि मग एकदम हिच्या कमरेला मिठी मारायचा. ती क्षणभर हात पुढे न करता थांबली. मग त्यानं तोंड मिटलं आणि खिशातला फोन काढला. ती आत निघून गेली.

खोलीत रंगाचा रिकामा डबा होता. तो तिनं खिडकीशी उपडा घातला आणि त्यावर बसली. मशीनसमोर बसेल तशी. एक बाजू हिरवीगार, इतकी की डोळ्याला गारवा वाटावा. दुसरी तशीच पाठ करून चकाकत होती. मान कशीही वळवली तरी दोन्ही एकदम दिसायच्या. नुसतं हिरवं बघायची सोय राहिली नव्हती, आणि ती तिनं स्वतःच्या हातानं घालवली होती.

फाटकातून आवाज येत होता, दुकानातला, गुळगुळीत. "हॅलो, हां... उद्या नको. जरा काम राहिलंय थोडं. परवा या. परवा नक्की."

येऊच नका असं नाही म्हणाला. परवा म्हणाला.

भावजयीनं न विचारता चहाचा पेला आणून खिडकीत ठेवला आणि गेली. टेलरीणबाईनं तो दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही. मग पिशवीतून आपला फोन काढला आणि सकाळच्या टेम्पोवाल्याला लावला.

"हां, मी बोलतेय. गवत उतरवलंस ते घर. जिन्याखालच्या गाळ्यातून एक मशीन आणायचंय... नाही, विजेचं नाही, पायाचं आहे. पॉइंट नसला तरी चालतं. पण जड आहे हो, दोन माणसं घेऊन ये." तिनं बाहेर बघितलं. "नाही नाही, परवा नको. उद्या. सकाळीच ये."